शाळा सुटल्यानंतरचे शिक्षण आणि संस्थेचे नेतृत्व

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



एखादी संस्था पन्नास वर्षे अखंड चालणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या पिढीने हा ट्रस्ट उभा केला तिच्याजवळ धन थोडे आणि निष्ठा फार होती. मंदिराची व्यवस्था, यात्रेकरूंची सोय, गरजू विद्यार्थ्यांना वह्यापुस्तके व शिष्यवृत्ती, संध्याकाळची पाठशाळा, छोटेसे वाचनालय अशी कामे त्या पिढीने गाजावाजा न करता केली. त्या सर्वांच्या स्मृतीला मी प्रथम वंदन करते.

मला दिलेला विषय आहे शाळेबाहेरील युवक-उपक्रमांचा आणि ते सुधारण्यासाठी झटणाऱ्या संस्थेच्या नेतृत्वाचा. आम्ही जे काम करतो ते ऐकणाऱ्याला प्रथम थोडे विचित्र वाटते. आमच्या संस्थेची स्वतःची शाळा नाही, वसतिगृह नाही, केंद्रही नाही. गावोगावी इतरांनी चालविलेल्या संध्याकाळच्या पाठशाळा, अभ्यासिका, वाचनालये, तालमी, सुट्टीतील संस्कार शिबिरे यांच्या सोबत राहून ती अधिक चांगली कशी होतील एवढेच आम्ही पाहतो. फळा त्यांचा, मुले त्यांची, नाव त्यांचे. मग तुमचे काय, असे लोक विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे माझे भाषण आहे.

अध्यक्ष महोदयांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. सुवर्णमहोत्सवानिमित्त जमलेल्या निधीचा विनियोग कसा करावा याविषयी विश्वस्त मंडळात विचार चालू आहे. मंदिरामागील मोकळ्या जागेवर सभागृह बांधावे असा एक विचार आहे. संध्याकाळची पाठशाळा व अभ्यासिका यांना बळ द्यावे असा दुसरा. पाहुण्याने यजमानाच्या घरच्या प्रश्नात पडू नये हे मी जाणते. परंतु आपण मोकळेपणाने बोलावे असा त्यांचाच आग्रह असल्याने मी माझे मत राखून ठेवणार नाही.

प्रथम थोडा हिशेब मांडू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. वर्षाचे एकूण तास ८७६०. रोज आठ तास झोपेचे धरले तरी मूल ५८४० तास जागे असते. त्यांतील हजार तास शाळेचे. जाण्यायेण्याचा आणि मधल्या सुट्टीचा वेळ सोडून देऊ. तरीसुद्धा चार हजारांहून अधिक तास उरतात. या उरलेल्या तासांचा धनी कोण? सुखवस्तू घरात त्या तासांत शिकवणी असते, संगीत असते, खेळ असतो, आजोबांच्या गोष्टी असतात. कोल्हापूर-सांगलीच्या आपल्या भागात ज्या घरात आई-वडील दोघेही यंत्रमागावर पाळी करतात, किंवा उसाच्या फडात असतात, तेथे ते तास रस्त्याला, धाकट्या भावंडांच्या पाळण्याला आणि अलीकडे मोबाईलला जातात.

मोबाईलचा उल्लेख केला म्हणून एक आकडा सांगते. ‘प्रथम’ या संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ या सर्वेक्षणात २०२४ साली ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना स्मार्टफोनविषयी विचारले गेले. त्यांपैकी सुमारे ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. त्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग करणारी मुले सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापर करणारी सुमारे ७६ टक्के होती. याच सर्वेक्षणाने आरंभापासून दाखविलेले दुसरे सत्य अधिक कडू आहे. पाचवीत बसणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील सोपी गोष्ट अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. ही मुले हजेरीपटावर शाळेत आहेत. विद्येच्या दृष्टीने मात्र ती शाळेबाहेरच आहेत. आणि जी मुले चौदा वर्षे पूर्ण होताच खरोखरच शाळा सोडतात, त्यांच्यासाठी तर कायद्याचे छत्रही त्याच वयाला संपते. चौदा ते अठरा हा जो काळ आहे, तो मनुष्य घडण्याचा किंवा बिघडण्याचा काळ आहे, आणि नेमक्या त्याच काळात त्याच्या वाट्याला कोणीच नसते.

हे काम आपल्या समाजाला नवे आहे काय? मुळीच नाही. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे निघाली, त्यांत जैन विद्यार्थ्यांचे बोर्डिंगही होते. ही बोर्डिंगे म्हणजे काय होती, याचा आपण नीट विचार करावा. त्या शाळा नव्हत्या. मुले दिवसा शहरातील शाळेत जात. बोर्डिंगने घडविली ती त्यांची सकाळ आणि संध्याकाळ. उठण्याची वेळ, प्रार्थना, स्वतःचे काम स्वतः करणे, सामुदायिक भोजन, अभ्यासाचे तास, वडील मुलांनी धाकट्यांना सांभाळणे ही तेथील शिक्षणाची साधने होती. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला ज्याने पुढे वकील, शिक्षक, संपादक केले, त्यात शाळेइतकाच वाटा या शाळेबाहेरच्या तासांचा होता. पूज्य समंतभद्र महाराजांनी १९१८ साली कारंजा येथे आणि १९३४ साली बाहुबली येथे आश्रम उभे केले, तेथेही दिवसाचे चोवीस तास हेच शिक्षणाचे क्षेत्र मानले गेले.

याच मातीतील कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्याचे वसतिगृह सुरू झाले, सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसली, आणि मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने उतरवून दिले, हे आपण भक्तिभावाने सांगतो. परंतु कर्मवीरांच्या कार्यातील एक पायरी आपण सहसा सांगत नाही. खेडोपाडी शेकडो व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणण्यापूर्वी, १९३५ साली, त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे महाविद्यालय काढले. त्याचे नावच ‘सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज’ असे होते. शिकविणारा माणूस आधी, शाळांचा विस्तार नंतर, हा क्रम त्यांनी पाळला. महोत्सवाचे नाव धारण केलेली ती संस्था माणसे घडविण्यासाठी होती, ही गोष्ट आजच्या प्रसंगी मला फार बोलकी वाटते.

आता संध्याकाळच्या केंद्राकडे वळू. केंद्र चांगले चालले आहे हे कशावरून ओळखावे? आपल्या वार्षिक अहवालांत सामान्यतः केंद्रांची संख्या, मुलांची संख्या आणि वाटलेल्या वह्यांची संख्या असते. अहवालात बेरीज असते, बदल नसतो. आम्ही या कामाला लागलो तेव्हा इतर ठिकाणच्या अनुभवाचा शोध घेतला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेव्हिड वायकार्ट या शिक्षणतज्ज्ञांनी स्थापन केलेल्या ‘हायस्कोप’ संस्थेच्या परंपरेतून युवक-केंद्रांची गुणवत्ता पाहण्याची एक पद्धत तयार झाली. तिच्यात चार पायऱ्या आहेत. पहिली सुरक्षितता, दुसरी आधार, तिसरी परस्परसंवाद आणि चौथी सहभाग, म्हणजे मुलाने स्वतः योजना करणे, निवड करणे आणि केलेल्या कामाचा विचार करणे. खालची पायरी पक्की असल्याखेरीज वरची टिकत नाही. जोसेफ डुर्लाक आणि रॉजर वाइसबर्ग यांनी सहकाऱ्यांसह शाळेनंतरच्या उपक्रमांवरील अनेक संशोधने एकत्र तपासून २०१० साली जो निष्कर्ष मांडला, तोही ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या उपक्रमांत कौशल्ये क्रमाने शिकविली जातात, मुले हातांनी व तोंडाने स्वतः कृती करतात, त्यासाठी ठराविक वेळ राखून ठेवलेला असतो आणि काय शिकायचे हे स्पष्ट असते, तेथे मुलांच्या वागण्यात व अभ्यासात सुधारणा दिसली. ज्या उपक्रमांत हे गुण नव्हते, तेथे तशी सुधारणा दिसून आली नाही. मुलांना नुसते एकत्र बसविल्याने शिक्षण होत नाही, एवढाच याचा अर्थ.

हे परदेशी ज्ञान ऐकताना मला आपल्या चार दानांची आठवण होते. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. आपण ज्ञानदानासाठी केंद्र काढतो. पण ज्ञानदानाचा मार्ग अभयदानातून जातो. ज्या मुलाला मार बसण्याची, हसे होण्याची, जातीवरून किंवा कपड्यांवरून हिणविले जाण्याची भीती आहे, त्याच्या कानापर्यंत शब्द पोहोचतो, मनापर्यंत पोहोचत नाही. अभयाचा व्यावहारिक अर्थही आहे. केंद्रात प्रकाश आहे काय, स्वच्छतागृहाला कडी आहे काय, मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहत नाही ना, हे विश्वस्तांनी स्वतः पाहिले पाहिजे. २०१२ च्या कायद्यानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हा धर्मही नव्हे आणि कायद्याने मिळालेली सवलतही नव्हे.

एका गावातील अभ्यासिकेत दिवाळीनंतर मोठ्या मुली येईनाशा झाल्या. मुलींना अभ्यासाची आवडच नाही, असे समितीचे मत झाले होते. आमच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या तेव्हा कळले की हिवाळ्यात लवकर अंधार पडतो आणि अभ्यासिकेच्या बोळातील दिवा कित्येक दिवस बंद आहे. वेळ अर्धा तास अलीकडे घेतली, मुलींनी गटाने घरी जायचे ठरविले, ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करून दिवा लावून घेतला, आणि मुली परत आल्या. अडचण विद्येची वाटत होती, ती दिव्याची निघाली. अशा गोष्टी अहवालात कधीच दिसत नाहीत. त्या पायी चालत गेल्यावरच दिसतात. म्हणून अशा संस्थेच्या नेतृत्वाचे पहिले कर्तव्य मी असे मानते की, त्याने पाहायला जावे.

पाहावे कसे, यालाही रीत आहे. आपल्याकडे पाहुणा आला की मुले उभी राहतात, एखादे स्तोत्र म्हणून दाखवितात, पाहुणा शाबासकी देतो, खाऊ वाटतो आणि निघतो. त्यात आनंद आहे, परीक्षण नाही. आमच्या कार्यकर्त्या मागच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसतात आणि घडेल तेवढेच वहीत लिहितात. चांगले-वाईट असा शेरा लिहीत नाहीत. ताईंनी प्रश्न विचारला, पुढच्या ओळीतील तिघांनी उत्तर दिले, भिंतीपाशी बसलेल्या मुलीने पाऊण तासात एकही शब्द उच्चारला नाही, एवढेच. वर्ग सुटल्यावर चहा घेताना ती वही ताईंनाच वाचायला दिली जाते. एका पाठशाळेच्या ताईंनी ती वाचली आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘ही मुलगी मला दिसलीच नाही हो.’ पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलांना ओळीऐवजी गोलात बसविले आणि दोघादोघांच्या जोड्या केल्या. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता. आपल्या अनेकान्ताची शिकवण याहून वेगळी काय आहे? एकच वर्ग ताईंच्या जागेवरून वेगळा दिसतो, मागच्या कोपऱ्यातून वेगळा आणि त्या गप्प मुलीच्या जागेवरून आणखी वेगळा. हे तिन्ही पाहिल्याखेरीज वर्ग पूर्ण दिसत नाही.

नेतृत्वाचे दुसरे कर्तव्य म्हणजे कार्यकर्त्याची काळजी वाहणे. संध्याकाळची पाठशाळा कोण चालविते? बहुधा महाविद्यालयात शिकणारी एखादी मुलगी, एखादी गृहिणी किंवा निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडून आपण सेवाभावाची अपेक्षा करतो, ती योग्यच आहे. पण सेवाभाव म्हणजे एकटे सोडून देणे नव्हे. मुंबई आणि वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ उपक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. महापालिकेच्या शाळांतील मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट वस्तीतीलच तरुण मुली रोज सुमारे दोन तास शिकवीत. त्यांना आरंभी सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि पुढेही आधार मिळत राही. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सर्वांत मागे असलेल्यांना तिचा लाभ अधिक झाला. हा अभ्यास करणाऱ्यांतील अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ साली, मायकेल क्रेमर यांच्यासमवेत, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पदवीचा मोठा कागद नसलेली आपल्या गल्लीतील मुलगी हे काम करू शकते, मात्र तिला शिकवावे लागते आणि तिच्या पाठीशी उभे राहावे लागते, हा त्यातील धडा आहे.

दुसरा अनुभव उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याचा. तेथे गावातील स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुले नियमित आली ती वाचू लागली; पण गावातील फार थोडी मुले आली. पद्धत चांगली होती, शिकविणारे चांगले होते, तरी बहुसंख्य मुले बाहेरच राहिली. म्हणून कोण आले यापेक्षा कोण आले नाही, हा प्रश्न नेतृत्वाने आधी विचारला पाहिजे. गावात फिरून ज्यांची नावे आपल्या वहीत नाहीत त्यांची यादी करावी. ऑक्टोबरमध्ये बीडकडून ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांची मुले आपल्या गावाच्या वेशीवर पालात राहतात. ती कोणाच्याच यादीत नसतात.

तिसरे कर्तव्य खऱ्या हिशेबाचे. सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार ट्रस्टचे पैशाचे हिशेब दरवर्षी तपासले जातात आणि धर्मादाय कार्यालयात सादर होतात. पण मुलांच्या प्रगतीचा हिशेब कोण तपासतो? त्यासाठी मोठे साधन लागत नाही. ‘असर’ची वाचनचाचणी एका कागदावर मावते. अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला जवळ बसवून काही मिनिटांत तो कोठे आहे हे कळते. जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा ही नोंद घ्यावी. मग इयत्तेनुसार नव्हे, तर पातळीनुसार गट करावेत. आपण रोज प्रतिक्रमणात स्वतःच्या आचरणाचे अवलोकन करतो. संस्थेनेही वर्षातून दोनदा असे अवलोकन करावे, त्यात आकडे लपवू नयेत आणि आकडे कमी आले म्हणून कोणा ताईंना दोष देऊ नये. ज्या दिवशी खऱ्या नोंदीची शिक्षा होऊ लागते, त्या दिवसापासून खोट्या नोंदी सुरू होतात.

चौथे कर्तव्य सर्वांत कठीण आहे, आणि ते आहे अपरिग्रहाचे. धनाचा परिग्रह सोडणारे पुष्कळ भेटतात. श्रेयाचा आणि खुर्चीचा परिग्रह सोडणारे थोडे. दुसऱ्याचे केंद्र सुधारायचे असेल तर त्या सुधारणेवर आपली पाटी लावता येत नाही. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे आपण जाणता. त्याच संघटनेने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ उपक्रम सुरू केला. त्या शाळा संघटनेच्या नव्हत्या, शिक्षकही तिचे नव्हते. तरी मुलांनी गटात बसून बोलावे, विचार करावा, एकमेकांचे ऐकावे, यासाठी तिने शिक्षकांना साहाय्य केले. स्वतःचे काढणे आणि दुसऱ्याचे सुधारणे ही सेवेची दोन्ही रूपे एकाच संघटनेत दिसतात. दुसऱ्या रूपाची कीर्ती कमी असते, पण एकाच संस्थेच्या बळावर जितकी मुले पोहोचू शकतात त्याहून कितीतरी अधिक मुलांपर्यंत ते पोहोचते. खुर्चीविषयी सांगायचे तर, केंद्रातील दहावी झालेल्या मुलामुलींना साहाय्यक करावे, त्यांतील काहींना पुढे समितीत घ्यावे. ज्या युवक-उपक्रमाच्या समितीत पंचविशीच्या आतला एकही सभासद नाही, तो उपक्रम युवकांसाठी असेल, युवकांचा नसतो.

आता आपल्या निधीच्या प्रश्नाकडे येते. सभागृह नको, असे मी म्हणत नाही. समाजाला एकत्र बसायला जागा लागते. वास्तू डोळ्यांना दिसते, दात्याचे नाव संगमरवरात राहते, हेही मानवी मनाला धरून आहे. पंचकल्याणिक पूजेत मोठमोठे सवाल आपण आनंदाने घेतो. पण पाठशाळेच्या ताईंच्या प्रशिक्षणाचा सवाल घेतलेला मी अद्याप पाहिला नाही. माझी विनंती इतकीच आहे की, निधीचा निम्मा भाग तरी कायम ठेव म्हणून बाजूला ठेवावा आणि त्याच्या व्याजातून तीन गोष्टी कराव्यात. एक, प्रत्येक केंद्रावर एकाऐवजी दोन शिकविणाऱ्या व्यक्ती असाव्यात आणि त्यांचे मानधन, ते थोडे का असेना, ठरलेल्या तारखेला मिळावे. एक ताई लग्न होऊन गेली किंवा नोकरीला लागली की वर्गच बंद पडतो, असे पुष्कळ ठिकाणी घडते. दोघी असल्या तर दिवा विझत नाही. दोन, दरवर्षी उन्हाळ्यात सर्व केंद्रांच्या शिकविणाऱ्यांचे निवासी प्रशिक्षण व्हावे आणि वर्षभर महिन्यातून एकदा त्यांची बैठक व्हावी. वीर सेवा दलाच्या पाठशाळांसारखे जे काम या भागात आधीपासून चालू आहे, त्यातील अनुभवी मंडळींना तेथे बोलवावे. तीन, प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून किमान चार संध्याकाळी केंद्रात मागच्या सतरंजीवर बसावे, भाषण न करता.

यावर एक शंका मला सभेपूर्वीच कोणी वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविली. आपली अभ्यासिका सर्वांना खुली केली तर आपल्या मुलांचे काय आणि धर्मसंस्कारांचे काय? शंका प्रेमातून आली आहे, म्हणून तिचे उत्तर आदराने दिले पाहिजे. पाठशाळेत धर्माचे शिक्षण आहे, ते आपल्या मुलांसाठी निष्ठेने चालू राहावे. अभ्यासिकेत वाचन, गणित, खेळ आणि एकमेकांशी वागण्याची रीत आहे, ती गावातील प्रत्येक मुलाची गरज आहे. दोन्हींची वेळ वेगळी ठेवता येते, मने वेगळी ठेवण्याचे कारण नाही. जीवांनी परस्परांच्या उपकारासाठी असावे, असे आचार्य उमास्वामींनी सांगितले, ते केवळ जैन जीवांविषयी सांगितले नाही. आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईच्या मुलाशेजारी बसून आपले मूल शिकले, तर अहिंसा हा शब्द त्याला पुस्तकाबाहेरही कळेल.

आरंभी मी एक प्रश्न मांडला होता : फळा त्यांचा, मुले त्यांची, नाव त्यांचे, मग तुमचे काय? आमचे एवढेच की, जो तास रस्त्यावर वाया गेला असता तो कोणाच्या तरी सतरंजीवर सार्थकी लागला. या ट्रस्टच्या संस्थापकांनी याहून वेगळे काही मागितले होते असे मला वाटत नाही. पुढील पन्नास वर्षांत या गावात किती भिंती उभ्या राहिल्या याची नोंद कोणी तरी ठेवीलच. किती मुले न घाबरता वाचू लागली, बोलू लागली आणि पुढे आपल्याहून लहान मुलांना शिकवू लागली, याची नोंद ठेवणारी वही मात्र येत्या जूनमध्ये आपणच उघडली पाहिजे.